एक माऊस, दोन संगणक : वाचकांचे प्रश्न

दोन संगणक शेजारी ठेवून काम करणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत आणि त्यांतील तक्रार बहुधा एकच असते : काम एका संगणकावर चाललेले असते आणि हात नेमका दुसऱ्याच्या माऊसवर पडतो. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्या टेबलावर एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप संगणक असतो. दोन माऊस आणि दोन कीबोर्ड यांनीच टेबल भरून जाते. एका माऊसच्या केबलला दोन टोके काढून ती दोन्ही संगणकांना जोडली तर चालेल का? चालणार नसेल, तर एका माऊसवर दोन्ही संगणक वापरण्याचा योग्य मार्ग कोणता?

उत्तर : केबलला दोन टोके काढण्याचा विचार आधी मनातून काढून टाकावा. यूएसबी जोडणीची रचनाच अशी आहे की माऊस एका वेळी एकाच संगणकाचा असतो. तो संगणक माऊसला ठरावीक अंतराने हालचालीविषयी विचारत राहतो आणि माऊस विचारल्यावरच उत्तर देतो. साध्या माऊसला हा प्रश्न सेकंदाला सुमारे १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो. खेळांसाठी बनवलेल्या माऊसला तो सेकंदाला १,००० वेळाही विचारला जातो. एकाच तारेवर दोन संगणक एकदम विचारू लागले, तर कोणालाच धड उत्तर मिळत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, दोन्ही संगणकांचा ५ व्होल्टचा वीजपुरवठा त्या केबलमधून एकमेकांना भिडतो आणि त्यात पोर्ट निकामी होण्याचा धोका असतो.

माऊस नेमके काय सांगतो, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. माऊसला पडदा ठाऊक नसतो. ‘उजवीकडे इतके सरकलो, खाली तितके सरकलो, डावे बटण दाबले गेले’ एवढेच तो कळवतो. कर्सर आता कोठे आहे आणि पडद्याची कड कोठे संपते, याचा हिशेब संगणक ठेवतो. त्यामुळे कर्सर उजव्या कडेला पोचला असून आता शेजारच्या संगणकावर जायचे आहे, हा निर्णय साधा माऊस घेऊच शकत नाही. तो घेण्यासाठी मध्ये कोणीतरी बसावे लागते. हा मध्यस्थ कोठे बसवायचा, हे आधी ठरवावे आणि प्रोग्रामचे किंवा उपकरणाचे नाव नंतर शोधावे, असे माझे मत आहे. कारण वेग, सुरक्षितता आणि सोय यांविषयीचे बहुतेक प्रश्न त्या एका निर्णयावर अवलंबून असतात.

मध्यस्थ टेबलावर बसवायचा असेल, तर केव्हीएम स्विच नावाची पेटी मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले आहे. कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर या पेटीला जोडायचे, पेटीतून दोन्ही संगणकांकडे केबल न्यायच्या आणि बटण दाबून, किंवा बऱ्याच पेट्यांत स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबून, संगणक बदलायचा. दोन्ही संगणकांना स्वतःचा पडदा असेल, तर व्हिडिओची जोडणी नसलेला साधा यूएसबी स्विच पुरतो. या मार्गात संगणकावर काहीही बसवावे लागत नाही, नेटवर्कची गरज नसते आणि ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही माऊस आणि कीबोर्ड चालतात. उणीव एवढीच की, प्रत्येक वेळी बटण दाबावे लागते, आणि साध्या स्विचमध्ये माऊस एका संगणकातून काढून दुसऱ्यात लावल्यासारखा होत असल्यामुळे तो ओळखला जाईपर्यंत एखाददुसरा सेकंद जातो. या कारणासाठी काही स्विच दोन्ही संगणकांना एक आभासी माऊस सतत जोडलेला दाखवत राहतात. ते अधिक महाग असतात, पण दिवसातून अनेकदा अदलाबदल करणाऱ्याने तेच घ्यावेत.

मध्यस्थ संगणकाच्या आतही बसवता येतो. माऊस एका संगणकाला जोडलेला राहतो आणि त्यावर चालणारा प्रोग्राम कर्सर कडेला पोचला की त्याला तेथेच रोखतो, पुढच्या हालचाली नेटवर्कवरून शेजारच्या संगणकाकडे पाठवतो आणि त्या संगणकावरचा जोडीदार प्रोग्राम त्या खऱ्या माऊसच्या हालचाली असल्याप्रमाणे आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो. वापरणाऱ्याला असे दिसते की, कर्सर एका पडद्यावरून सरळ दुसऱ्या पडद्यावर गेला. बटण नाही, केबल नाही, आणि एका संगणकावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट करता येतो, ही वरची सोय. येथे संगणकाचे चित्र कोठेही पाठवले जात नाही, फक्त हालचाली आणि कळा जातात. म्हणून दूरचा संगणक पडद्यावर आणून दाखवणाऱ्या रिमोट डेस्कटॉपपेक्षा ही पद्धत वेगळी आणि पुष्कळ हलकी आहे. अर्थात, दोन्ही पडदे डोळ्यांसमोर असतील तरच तिचा उपयोग.

तिसरी जागा म्हणजे खुद्द माऊस. दोन किंवा तीन संगणकांशी जोडी जमवून ठेवणारे बिनतारी माऊस मिळतात आणि त्यांच्यावरचे एक बटण दाबले की संगणक बदलतो. पुष्कळ माऊसमध्ये हे बटण पोटाखाली असते, त्यामुळे दर वेळी माऊस उलटा करावा लागतो. ही रचना कोणाला सुचली असेल, याचे मला नेहमीच नवल वाटते.

आपले दोन्ही संगणक आपल्याच मालकीचे आणि एकाच नेटवर्कवर असतील, तर प्रोग्रामचा मार्ग घ्यावा. त्यासाठी बहुधा खर्चही येत नाही. दोहोंपैकी एक संगणक कार्यालयाचा असेल, तर स्विच घ्यावा. याचे कारण पुढे एका स्वतंत्र उत्तरात दिले आहे.

प्रश्न : माझ्या दोन्ही संगणकांवर विंडोज आहे. कोणता प्रोग्राम घ्यावा आणि तो कसा बसवावा?

उत्तर : दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर माऊस विदाउट बॉर्डर्स हा प्रोग्राम घ्यावा. मायक्रोसॉफ्टमधील ट्रुओंग डो या अभियंत्याने तो कंपनीच्या गॅरेज या उपक्रमात तयार केला आणि २०११ साली तो सर्वांसाठी खुला झाला. २०२३ पासून तो मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचाचा भाग आहे, म्हणून जुनी स्वतंत्र आवृत्ती शोधत बसू नये. एका वेळी चार संगणकांपर्यंत तो काम करतो.

पॉवरटॉइज दोन्ही संगणकांवर बसवावे. पहिल्या संगणकावर माऊस विदाउट बॉर्डर्सच्या पानावर नवी सुरक्षा-कळ (जोडणीसाठीची गुप्त अक्षरमालिका) तयार करावी आणि ती त्या संगणकाच्या नावासह टिपून घ्यावी. दुसऱ्या संगणकावर त्याच पानावर ही कळ आणि हे नाव भरून जोडणी करावी. त्यानंतर दोन्ही संगणकांची चित्रे शेजारी-शेजारी दिसू लागतात. टेबलावर जो संगणक ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला त्याचे चित्र ओढून ठेवावे. ही पायरी किरकोळ वाटते, पण ‘कर्सर दुसरीकडे जातच नाही’ असे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत चित्रांची डावी-उजवी बाजू उलटी लागलेली असते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवून टाकाव्यात. पहिली, हा प्रोग्राम विंडोजची सेवा म्हणून चालवण्याचा पर्याय निवडावा. तो निवडला नाही, तर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडक्यांवर आणि कुलूपबंद पडद्यावर दुसऱ्या संगणकाचा माऊस चालत नाही. परवानगी विचारणारी चौकट येते, सगळा पडदा मंद होतो आणि कर्सर जागच्या जागी थिजतो. हा प्रोग्रामचा बिघाड नसून विंडोजची जाणीवपूर्वक केलेली तटबंदी आहे, कारण कोणत्याही साध्या प्रोग्रामला त्या चौकटीवर परस्पर ‘होय’ दाबता आले असते, तर त्या चौकटीला अर्थच उरला नसता. दुसरी गोष्ट म्हणजे, कडेला लागताच कर्सर पलीकडे जाऊ नये असे वाटत असेल, तर कंट्रोल किंवा शिफ्ट दाबलेली असतानाच तो जाईल, अशी अट घालता येते. उजव्या कडेच्या स्क्रोलपट्टीवर सतत काम करणाऱ्याने ही अट जरूर घालावी.

फाइलही एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येते, परंतु एका वेळी एकच आणि १०० एमबीपर्यंतची. मोठ्या फाइलींसाठी सामायिक फोल्डर वापरणेच बरे.

प्रश्न : माझ्याकडे एक मॅक आणि एक लिनक्स संगणक आहे, शिवाय एक जुना विंडोज संगणकही आहे. तिन्हींना चालेल असे काही आहे का? सिनर्जी, बॅरियर, इनपुट लीप, डेस्कफ्लो अशी नावे वाचून गोंधळ उडाला आहे.

उत्तर : ही चारही नावे एकाच घराण्यातील आहेत. सिनर्जी हा प्रोग्राम ख्रिस शोनमन यांनी २००१ साली मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून सुरू केला. पुढे त्याची व्यावसायिक आवृत्ती निघाली, आणि तयार प्रोग्रामसाठी पैसे मोजण्याऐवजी मोफत आवृत्ती हवी असलेल्यांनी जुन्या स्रोतावरून बॅरियर हा फाटा काढला. बॅरियरचे काम थंडावल्यावर त्याच्याच काही सांभाळकर्त्यांनी २०२१ मध्ये इनपुट लीप सुरू केला. सिनर्जीच्या मूळ मुक्त प्रकल्पाला २०२४ मध्ये डेस्कफ्लो हे नाव मिळाले. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप घ्यावा. बॅरियर अजूनही अनेक संगणकांवर चालतो, पण ज्याची देखभाल थांबली आहे, असा प्रोग्राम आपल्या कळा वाहून नेण्यासाठी निवडू नये. निवड कोणतीही केली, तरी सर्व संगणकांवर तोच प्रोग्राम आणि शक्यतो तीच आवृत्ती असावी.

मांडणी सोपी आहे. ज्या संगणकाला माऊस आणि कीबोर्ड प्रत्यक्ष जोडले आहेत, तो सर्व्हर आणि बाकीचे क्लायंट. सर्व्हरवर पडद्यांची जागा ठरवायची आणि क्लायंटवर सर्व्हरचा आयपी पत्ता द्यायचा. येथे दोन ठिकाणी ठेच लागते. सर्व्हरच्या नकाशात क्लायंटचे जे नाव लिहिले आहे, तेच नाव क्लायंटने सांगितले पाहिजे, अन्यथा सर्व्हर त्याला आत घेत नाही. आणि राउटर आयपी पत्ते अधूनमधून बदलत असल्यामुळे काल चाललेली जोडणी आज चालत नाही. म्हणून राउटरच्या मांडणीत सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून येणारी वाहतूक रोखणाऱ्या संरक्षणात, २४८०० हा टीसीपी पोर्ट (या वाहतुकीचे क्रमांकित दार) सर्व्हरवर खुला असावा लागतो.

मॅकवर सिस्टीमच्या सेटिंगमध्ये सुलभता-सुविधांच्या विभागात जाऊन या प्रोग्रामला संगणक नियंत्रित करण्याची परवानगी द्यावी लागते. लिनक्सवर अडचण थोडी खोल आहे. जुन्या एक्स विंडो प्रणालीत कोणताही प्रोग्राम साऱ्या पडद्यावरच्या हालचाली वाचू शकत असे आणि खोट्या हालचाली घुसवूही शकत असे. माऊस वाटून घेणाऱ्या प्रोग्रामांना ते सोयीचे होते आणि कळा चोरणाऱ्यांनाही तितकेच सोयीचे होते. तिची जागा घेणाऱ्या वेलँडने हे दार मुद्दाम बंद केले. आता परवानगी मागून हालचाली घेण्याची आणि देण्याची रीतसर सोय लिबईआय या तयार कोडच्या संचाच्या (लायब्ररीच्या) आधारे तयार झाली आहे आणि ग्नोम व केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉप प्रणालींच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती मिळते. आपली लिनक्स आवृत्ती जुनी असेल, तर प्रवेशाच्या पडद्यावर वेलँडऐवजी एक्स-ऑर्गचे, म्हणजे त्या जुन्या एक्स विंडो प्रणालीचे, सत्र उपलब्ध आहे का ते पाहावे आणि असल्यास ते निवडावे.

प्रश्न : सर्व काही बसवले, कर्सर दुसऱ्या संगणकावर जातोही, पण तेथे तो अडखळत चालतो. इंटरनेटचा वेग वाढवून घ्यावा का?

उत्तर : नाही. माऊसच्या हालचाली घरातल्या घरात राउटरपर्यंत जाऊन परत येतात, त्या इंटरनेटवर जातच नाहीत. शिवाय एका हालचालीची माहिती मोजक्या बाइटची असते. येथे वेग कमी पडत नाही, नियमितपणा कमी पडतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो. हालचालीची माहिती तेवढ्या वेळात सातत्याने येत राहिली, तर डोळ्याला फरक कळत नाही. केबलच्या नेटवर्कवर हा प्रवास साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आत होतो. वायफायवर तो बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांत होतो आणि मधूनच एखादा संदेश कितीतरी अधिक रेंगाळतो; मग कर्सर क्षणभर थांबून एकदम उडी मारतो.

दोन्ही संगणक वायफायवर असतील, तर प्रत्येक संदेश दोनदा हवेतून जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. सर्व्हर संगणक तरी केबलने राउटरला जोडावा, म्हणजे त्यातील एक फेरी वाचते. तेवढ्याने भागले नाही, तर वायफाय उपकरणाची वीजबचत बंद करून पाहावी. काही लॅपटॉप आसपासची नेटवर्के शोधण्यासाठी ठरावीक वेळाने आपला चॅनेल सोडतात, त्यामुळेही असे झटके येतात. झटके घड्याळ लावल्यासारखे नियमित येत असतील, तर संशय येथेच घ्यावा.

मात्र सर्वांत चांगला उपाय फारसा कोणी करत नाही. दोन्ही संगणकांना इथरनेटचे पोर्ट असतील, तर त्यांच्यामध्ये एक साधी नेटवर्क केबल सरळ जोडावी. आजच्या पोर्टना त्यासाठी उलट्या जोडणीची खास केबल लागत नाही, आणि राउटर नसला तरी विंडोज आणि मॅक संगणक १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते आपोआप घेतात. क्लायंटवर सर्व्हरचा हा पत्ता द्यावा. इंटरनेट पूर्वीप्रमाणे वायफायवरून चालू राहते आणि माऊसची वाहतूक तिच्यापासून वेगळी होते.

जोडणीच होत नसेल, तर कारणे वेगळी असतात. एक संगणक पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल, तर राउटर त्याला दुसऱ्या उपकरणांपासून मुद्दाम दूर ठेवतो. व्हीपीएन चालू असेल, तर तेही अनेकदा घरच्या नेटवर्कवरची वाहतूक अडवते. आणि क्लायंट झोपी गेला असेल, तर माऊस हलवून तो जागा होत नाही, कारण त्याचा जोडीदार प्रोग्रामही त्याच्याबरोबर झोपलेला असतो.

जोडणी मध्येच तुटल्यावर दुसऱ्या संगणकावर भलत्याच गोष्टी होऊ लागल्या, उदाहरणार्थ, साध्या क्लिकने अनेक फाइली निवडल्या जाऊ लागल्या, तर कंट्रोल किंवा शिफ्टची कळ ‘दाबलेल्या’ अवस्थेत अडकलेली असते. कळ सुटल्याचा संदेश वाटेत हरवलेला असतो. त्या संगणकाच्या स्वतःच्या कीबोर्डवर ती कळ एकदा दाबून सोडावी.

प्रश्न : एक संगणक माझा आहे आणि दुसरा कार्यालयाने दिलेला आहे. पासवर्डच्या दृष्टीने हे सुरक्षित आहे का?

उत्तर : आपल्याच मालकीच्या दोन संगणकांसाठी मी हे प्रोग्राम निःशंकपणे सुचवतो, पण या प्रश्नाला माझे उत्तर ‘प्रोग्राम बसवू नये’ असे आहे. हे उत्तर नियमांच्या भीतीपोटी दिलेले नाही.

ज्या संगणकाला कीबोर्ड जोडलेला असतो, त्याच्यातून दुसऱ्या संगणकावर टंकलेली प्रत्येक कळ जाते. समजा, कीबोर्ड कार्यालयाच्या संगणकाला जोडला आणि आपल्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टंकला. तो पासवर्ड आधी कार्यालयाच्या संगणकात शिरला आणि मग आपल्याकडे आला. कार्यालयाने तेथे देखरेखीचे काही साधन बसवले असेल, तर त्याच्या नजरेखालून तो जाऊ शकतो. उलट, कीबोर्ड आपल्या संगणकाला जोडला, तर कार्यालयाचे सर्व पासवर्ड आपल्या खासगी संगणकातून वाहू लागतात, आणि आपल्या संगणकात एखादा घातक प्रोग्राम शिरलेला असेल, तर कार्यालयाचे दारही त्याला उघडे होते. म्हणजे कीबोर्ड कोणत्याही बाजूला लावला, तरी दोहोंपैकी एका पक्षाचे गुपित दुसऱ्याच्या अंगणातून जाते. वाटेतील वाहतूक सांकेतिक रूपात केल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तेथे धोका वाटेत नसून टोकाला आहे.

क्लिपबोर्डचेही तसेच आहे. पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून एका संगणकावर कॉपी केलेला पासवर्ड त्याच क्षणी दुसऱ्या संगणकाच्या क्लिपबोर्डवरही पोचू शकतो. स्वतःच्या दोन संगणकांतही ही सोय गरज नसेल तर बंद ठेवावी.

कार्यालयाच्या संगणकासाठी साधा यूएसबी स्विच वापरावा. स्विच कळ ज्या संगणकाची आहे, त्यालाच देतो आणि दुसऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. कडेवरून कर्सर पलीकडे जाण्याची सोयही सोडवत नसेल, तर हेच काम यंत्राने करणारी उपकरणे आहेत. हौशी मंडळींसाठी डेस्कहॉप नावाची एक मुक्त रचना उपलब्ध आहे : रास्पबेरी पाय पिकोचे दोन छोटे बोर्ड, एकेका संगणकाला एकेक, आणि त्या दोहोंत विजेचा थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये विलगक. माऊसच्या हालचाली मोजून कर्सर कोठे असेल याचा हिशेब हे बोर्डच ठेवतात आणि कड आली की पुढच्या हालचाली दुसऱ्या संगणकाला देतात. दोन्ही संगणकांना मात्र आपल्याला एक साधा माऊस जोडला आहे, असेच वाटते. अर्थात, बाहेरचे कोणतेही यूएसबी उपकरण जोडण्यास मनाई असेल, तर हाही मार्ग बंद होतो, आणि मग दोन माऊस ठेवणेच योग्य.

आता वाटेतील धोक्याविषयी. सिनर्जीच्या घराण्यातील प्रोग्रामांत टीएलएस सांकेतिकीकरण असते, आणि पहिल्या जोडणीच्या वेळी ते समोरच्या संगणकाचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरमालिका, दाखवून ‘हाच तो संगणक का’ असे विचारतात. तो ठसा दुसऱ्या पडद्यावरच्या ठशाशी ताडून पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. बहुतेक जण न पाहता ‘होय’ दाबतात. जोडणी होत नाही म्हणून वैतागून सांकेतिकीकरणच बंद करण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो कधीही मानू नये, कारण मग आपण टंकलेले प्रत्येक अक्षर नेटवर्कवर उघडे जाते.

प्रश्न : तीन संगणकांना जोडता येणारा माऊस कर्सर कडेला नेताच आपोआप पलीकडे जातो, असे ऐकले. मग वर सांगितलेले बटण कशाला?

उत्तर : लॉजिटेकने २०१७ मध्ये आणलेल्या फ्लो या सुविधेविषयी आपण ऐकले असावे. तिच्यात माऊस आणि प्रोग्राम ही दोन्ही साधने एकत्र आली आहेत : कर्सर कडेला पोचला की प्रोग्राम माऊसलाच आपली बिनतारी जोडणी दुसऱ्या संगणकाकडे वळवायला सांगतो. त्यामुळे ओलांडताना किंचित थांबल्यासारखे होते, पण एकदा पलीकडे गेल्यावर माऊस त्या संगणकाशी थेट बोलत असल्याने नेटवर्कचे अडखळणे उरत नाही. तीन संगणकांपर्यंत ती चालते, क्लिपबोर्डही वाटून घेता येतो, आणि त्याच कंपनीचा जुळणारा कीबोर्ड असेल, तर तोही माऊसच्या मागोमाग जातो. प्रोग्राम प्रत्येक संगणकावर बसवावा लागतो. लिनक्ससाठी मात्र ही सुविधा नाही. तेथे बटणावरच भागवावे लागते.

प्रश्न : मॅकबरोबर आयपॅड वापरतो. त्यासाठी काही घ्यावे लागेल का?

उत्तर : काही नाही. ॲपलने जून २०२१ मध्ये जाहीर केलेली युनिव्हर्सल कंट्रोल ही सुविधा मॅकओएस १२.३ आणि आयपॅडओएस १५.४ पासून सिस्टीममध्येच आहे. दोन्ही उपकरणांवर तेच ॲपल खाते आणि त्याला दुहेरी पडताळणी असावी, वायफाय, ब्लूटूथ आणि हँडऑफ (ॲपलच्या उपकरणांची आपसातील सोय) चालू असावेत, आणि उपकरणे १० मीटरच्या आत असावीत. मग कर्सर कडेपलीकडे ढकलला की तो आयपॅडवर उमटतो. दुसरा मॅकही याच रीतीने जोडता येतो.

प्रश्न : कर्सर दुसऱ्या संगणकावर नेल्यावर तेथे देवनागरी टंकता येत नाही. पहिल्या संगणकावर मात्र सर्व ठीक चालते.

उत्तर : कीबोर्डवरून खरे तर अक्षर जात नाही, कळेचा क्रमांक जातो, आणि त्या क्रमांकाचे अक्षर कोणते हे संगणकावर निवडलेली मांडणी ठरवते. माऊसच्या बाबतीत हा गुंता नसतो, म्हणून माऊस सुरळीत चालतो आणि कीबोर्ड रुसतो. सिनर्जीच्या घराण्यातील प्रोग्राम सर्व्हरवर क्रमांकाचे अक्षर करून ते पाठवतात, आणि क्लायंट आपल्या मांडणीत त्या अक्षराची कळ शोधतो. तेथे ते अक्षर नसेल, तर काहीच उमटत नाही. म्हणून दोन्ही संगणकांवर तीच देवनागरी मांडणी बसवावी आणि दोन्हीकडे ती निवडून पाहावे. एकीकडे इन्स्क्रिप्ट आणि दुसरीकडे उच्चारानुसारी मांडणी असेल, तर हमखास अडते. रोमन अक्षरे टंकून देवनागरी घडवणारी साधने त्याहून नाजूक असतात. ती ज्या संगणकावर लिहायचे तेथेच चालू असावीत आणि सर्व्हरवर इंग्रजी मांडणी ठेवावी. एवढे करूनही जमले नाही, तर लेखनाचे काम ज्या संगणकावर अधिक होते, त्याला सर्व्हर करावे. स्विच वापरणाऱ्यांना ही अडचण येतच नाही, कारण तेथे कळेचा क्रमांक आहे तसा पोचतो.

प्रश्न : मला एकाच क्लिकने दोन्ही संगणकांवर एकाच वेळी तीच क्रिया करायची आहे. कर्सर आलटूनपालटून न्यायचा नाही. हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. माऊस विदाउट बॉर्डर्समध्ये एकाच माऊस-कीबोर्डने सर्व संगणक एकदम चालवण्याची अवस्था आहे आणि तिच्यासाठी शॉर्टकट ठरवता येतो. सिनर्जीच्या घराण्यात कळा सर्व संगणकांना एकदम पाठवण्याची सोय आहे. परंतु माऊसवर यात विसंबू नये. दोन्ही पडद्यांचे रिझोल्यूशन वेगळे असेल, एखादी खिडकी बोटभर सरकलेली असेल किंवा एका संगणकाने पान उघडायला क्षणभर अधिक घेतला, तर एकीकडे ‘जतन करा’वर पडलेला क्लिक दुसरीकडे ‘काढून टाका’वर पडू शकतो, आणि ते कळेपर्यंत काम होऊन गेलेले असते. दोन्ही संगणक अगदी सारखे, दोन्ही खिडक्या पूर्ण पडदाभर आणि काम पूर्ववत करता येण्याजोगे असेल, तरच हा प्रयोग करावा. एरवी कळांच्या शॉर्टकटने होणारी कामे तेवढी अशी करावीत, आणि तीच क्रिया वारंवार करायची असेल, तर ती लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टकडून दोन्ही संगणकांवर स्वतंत्रपणे करवून घ्यावी.

प्रश्न : हे सर्व जमल्यावर जुना माऊस आणि कीबोर्ड देऊन टाकावा का?

उत्तर : प्रोग्रामचा मार्ग घेतला असेल, तर देऊ नये. संगणक सुरू होताना डिस्कचे कुलूप उघडण्यासाठी पासवर्ड विचारला जातो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झालेली नसते आणि म्हणून प्रोग्रामही सुरू झालेला नसतो. लॅपटॉपला स्वतःचा कीबोर्ड असतो, त्याची काळजी नाही. डेस्कटॉप संगणक क्लायंट असेल, तर त्याला एक जुना कीबोर्ड कायमचा जोडून मॉनिटरच्या मागे ठेवून द्यावा.